कुंपणातले बाहू

केतकी डुंबरेला लोक थोडे घाबरायचे आणि तिला ते मनातून आवडायचं. वेल्हाळ्याच्या पठारावरच्या रेडिओ वेधशाळेत ती जेवणघरात शिरली, की दोन-चार प्राध्यापकांचा घास तोंडाशी रेंगाळायचा. उद्या आपलं चित्र हिच्या चाळणीत पडलं तर काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता यायचा.

चाळण ही केतकीनं बांधलेली संगणकप्रणाली. रेडिओ दुर्बीण काही फोटो काढत नाही. पठारभर पसरलेल्या अँटेना आकाशाची तुटक माहिती गोळा करतात, आणि मधल्या मोकळ्या जागा भरून त्याचं चित्र करतो तो माणूस. कुठवर साफ करायचं, कुठे थांबायचं, कशाला खरं मानायचं, सगळीकडे त्याची मर्जी चालते. चाळण तेच चित्र हजारो वेळा नव्यानं काढायची आणि दर वेळी ती मर्जी थोडी बदलायची. कसंही काढलं तरी जे जागचं हलत नाही ते आकाशाचं. मर्जीबरोबर जे डुलतं ते हाताचं. शेवटी एक आकडा यायचा: या चित्रात हाताचा वाटा शंभरात इतका.

बघता बघता तो आकडा वेधशाळेबाहेर पडला. शोधपत्रिका त्याच्याशिवाय निबंध घेईनात. इस्पितळात मेंदूच्या चित्राखाली तो छापला जाऊ लागला, आणि गाठ दाखवणाऱ्या डॉक्टरांना पेशंटची बायको शांतपणे विचारू लागली, यात हाताचा वाटा किती? बाजारात तराजूकडे संशयानं बघणारी गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. केतकीचं नाव त्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं, पण तिच्या आकड्यावर त्यांचा विश्वास होता.

अशा बाईकडे एका सकाळी विद्याधर खांबेटे सर स्वतः जिना चढून आले. त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार पंधरवड्यावर आला होता.

"माझं चित्र अजून कुणी चाळणीत घातलेलं नाही," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "सगळे माझा मान राखताहेत. असला मान मला नको. तू घाल, आणि जे येईल ते सत्काराच्या आधी मला सांग."

केतकीनं टाळून पाहिलं. सत्कार होऊ द्या, मग निवांत बघू, असं म्हणाली. पण ऐकतील तर सर कसले.

सरांचं चित्र म्हणजे साधंसुधं चित्र नव्हतं. पाठ्यपुस्तकांत त्याला 'खांबेटे बाहू' असं नाव होतं. दीर्घिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तारे येतात, पण तारे संपतात तिथे दीर्घिका संपत नाही. त्यांच्या पलीकडे कितीतरी दूरवर हायड्रोजन वायूची विरळ तबकडी पसरलेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही, रेडिओ दुर्बिणीला मात्र तिची कुजबुज ऐकू येते. सरांनी एका दीर्घिकेच्या त्या बाहेरच्या वायूत दोन लांबलचक सर्पिल बाहू दाखवले होते.

तारेच नाहीत तिथे बाहू आले कुठून? सर म्हणायचे, आतून. दीर्घिकेच्या मध्याशी ताऱ्यांचा एक पट्टा फिरत असतो आणि तो भोवतालचं सगळं ढवळतो. त्यातून निघालेली लाट ताऱ्यांच्या गर्दीत एका टप्प्यावर जिरून जाते. वायूत ती जिरत नाही, पुढे सरकत राहते, आणि वायू जितका विरळ होत जाईल तितकी ती मोठी होते. वर्गात सर हे आसूड उडवून दाखवायचे. खरोखरचा आसूड आणायचे. मुठीपाशी मनगट जरासं हलायचं आणि टोकाची बारीक दोरी अशी कडाडायची की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरायची.

हा सिद्धांत चांगला होता. पुढे इतरांना इतर दीर्घिकांमध्ये असे बाहू सापडलेही होते. प्रश्न होता तो सरांच्या त्या पहिल्या चित्राचा, आणि तो एकाच व्यक्तीनं विचारला होता.

वेधशाळेत एक जुनी रीत होती. चित्र साफ करताना संगणकाला सांगावं लागायचं की खरा संदेश कुठे शोध. त्यासाठी पडद्यावर हातानं एक सीमारेषा आखायची. मंडळी तिला कुंपण म्हणत. कुंपणाच्या आत जे चमकेल ते जपायचं, बाहेरचं दुर्बिणीची खरखर म्हणून पुसून टाकायचं. सरांना बाहू अपेक्षित होते, म्हणून त्यांनी कुंपण बाहूंच्याच आकाराचं घातलं. त्यात लबाडी नव्हती. तेव्हा सगळेच तसं करायचे, आणि ज्याचा हात सफाईदार त्याचं कौतुक व्हायचं.

ज्या दिवशी सरांनी ते चित्र वेधशाळेच्या सभेत पहिल्यांदा दाखवलं, त्या दिवशी त्यांच्या बरोबरीच्या शुभदा टिळेकरांनी हात वर केला होता. "कुंपण गोल घातलं तर काय दिसतं?" एवढंच त्यांनी विचारलं. सर हसून म्हणाले होते, शुभदाचे प्रश्न लांबत जातात, चहा गार होईल. सभागृह हसलं आणि उठलं. केतकी तेव्हा सरांची नवी विद्यार्थिनी होती. तीही हसली होती, जरा जास्तच मोठ्यानं.

टिळेकर बाईंनी मग तोच प्रश्न एका छोट्या निबंधात लिहिला. असं कुंपण नुसत्या खरखरीतूनही बाहू काढून देईल, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी त्यांना मत्सरी ठरवलं. दुर्बिणीचा वेळ त्यांना मिळेनासा झाला, विद्यार्थी येईनासे झाले, आणि त्या कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला निघून गेल्या.

केतकीनं चित्र चाळणीत घातलं. सगळ्यात शेवटची परीक्षा सगळ्यात कडक असायची. संगणकात एक साधी, बाहूच नसलेली खोटी तबकडी बनवायची, तिच्यावर दुर्बिणीची खरखर शिंपडायची, आणि मूळ माणसाचंच कुंपण वापरून चित्र काढायचं. पहिल्या खोट्या तबकडीत दोन बाहू उमटले. दुसरीत उमटले. केतकी तबकड्या बदलत गेली आणि तेच बाहू येत राहिले, डावीकडचा नेहमीसारखा थोडा फुगीर. हाताचा वाटा शंभरात नव्वद आला.

तो आकडा तिनं कुठेच लिहिला नाही. दुसऱ्या कुणाबद्दल असा आकडा आला असता तर तिनं तो निर्विकारपणे फळ्यावर लिहिला असता, आणि तसा लिहिलेलाही होता. पण सरांनी तिला बोटाला धरून या शास्त्रात आणलं होतं. वसतिगृहाचं जेवण उतरेना तेव्हा सरांच्या पत्नी नलिनीकाकूंच्या हातचं खाऊन तिनं शिक्षण पुरं केलं होतं. हे कारण खरंच होतं. त्याच्या पाठीमागे लपलेलं दुसरं कारणही तितकंच खरं होतं. तिचा स्वतःचा प्रबंध त्याच बाहूंवर उभा होता, आणि वेधशाळेची पुढची संचालक म्हणून तिचं नाव आता कधीही जाहीर होणार होतं.

ती सरांच्या घरी गेली तेव्हा सर आरशासमोर नवा कोट घालून उभे होते आणि काकू खांद्याची शिवण चाचपत होत्या. रस्ताभर केतकीनं वाक्य जुळवलं होतं. सर, चित्राबद्दल जरा बसून बोलू या. सरांनी आरशातूनच विचारलं, काय म्हणते तुझी चाळण? आणि तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आकाशाचं आहे, सर."

सरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि कोटाचं वरचं बटण लावलं. काकूंनी आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि केतकीच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. ती तिला खावी लागली.

झालं ते झालं, म्हाताऱ्या माणसाला एक आनंदाचा दिवस दिला, असं तिनं स्वतःला समजावलं असतं. पण सर तारेच्या फोनकडे वळले. पठाराच्या आसपास मोबाइलला बंदी होती, दुर्बिणीला त्याचा त्रास होतो म्हणून, त्यामुळे वेल्हाळ्यात घरोघरी अजून तारेचे फोन होते. केतकीनं विचारलं, कुणाला लावताय?

"शुभदाला. आता तिला बोलवायलाच हवं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही ते याच चित्रापायी."

राहू द्या ना सर, असं केतकी दोनदा म्हणाली. तोवर पलीकडे फोन उचलला गेला होता. सर बोलत होते, चाळणीनं कौल दिला म्हणत होते, आणि मग एकदा नुसतं हो म्हणाले. फोन ठेवून ते म्हणाले की शुभदानं एकच गोष्ट विचारली. केतकीनं स्वतः चाळण लावली का? हो म्हटल्यावर म्हणाली, मग येते.

नंतरचे दिवस केतकीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. आरशासमोर केस विंचरताना ती मान खाली घालायची. चाळणीच्या नोंदीत तिनं सरांचा आकडा चढवलाच नव्हता, काम चालू आहे एवढंच लिहिलं होतं. एका तरुण सहकाऱ्यानं नेहमीच्या सहजपणानं आपलं चित्र आणून दिलं आणि म्हणाला, मॅडम, जे असेल ते स्पष्ट सांगा, तुमच्याकडून ऐकलं की पटतं. त्याच्यासमोर तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

सत्कार वेधशाळेच्याच सभागृहात होता. पाहुण्यांनी फाटकावरच्या लाकडी खणांत आपापले फोन ठेवले आणि करमणुकीचं साधन गेल्यामुळे सगळे भाषणं लक्ष देऊन ऐकू लागले. शाल झाली, श्रीफळ झालं. गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर तेच चित्र होतं, दोन देखणे बाहू सोनेरी रंगात. मग निवेदकानं टिळेकर मॅडमचं नाव पुकारलं.

केतकीला त्या उंच आठवत होत्या. प्रत्यक्षात एक ठेंगणी, सुती साडीतली बाई गुडघा सांभाळत तीन पायऱ्या चढली. कागद वगैरे काही आणला नव्हता.

"मी विद्याधरची माफी मागायला आले आहे," त्या म्हणाल्या. "त्याचे बाहू खोटे असावेत असं मी एकदा लिहिलं आणि पुढे माझ्या प्रत्येक वर्गाला शिकवलं. ते बाहू खरे निघाले. चाळण कुणाचं तोंड बघून बोलत नाही, म्हणून मी हे मान्य करते. माझा निबंध मी काल मागे घेतला. ज्या मुलांना मी चुकीचं शिकवलं, त्यातल्या जमेल तेवढ्यांना कळवते आहे."

सभागृहात टाळ्या पडल्या. सर उठले आणि त्यांनी शुभदाबाईंचे दोन्ही हात धरले. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. इतकं सुंदर दृश्य पठारावर पूर्वी झालं नसेल, आणि ते सगळंच्या सगळं केतकीच्या एका वाक्यावर उभं होतं. सरांच्या आरशासमोर, तीन माणसांत ती ते हळूच बोलली होती. आता जगातला त्या चित्राविरुद्धचा एकमेव खरा निबंध मागे घेतला गेला होता, आणि तो लिहिणारी बाई स्वतःला खोटी म्हणवून घेऊन टाळ्या ऐकत होती. केतकीला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

तरी ती बोलली नाही. पुढचं काम तिचंच होतं, मानपत्र वाचायचं. तिनं ते महिन्यापूर्वी स्वतः लिहिलं होतं. ती उठली, चष्मा लावला आणि स्पष्ट आवाजात सगळं मानपत्र वाचलं, 'ज्यांच्या डोळ्यांनी अदृश्य वायूतले बाहू पाहिले' हे वाक्यसुद्धा. ते वाचताना तिचा आवाज जराही हलला नाही, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटत राहिली.

जेवण मागच्या व्हरांड्यात होतं. ताट घेऊन केतकी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली, तर टिळेकर बाई तिच्यामागून येऊन शेजारी बसल्या. मठ्ठ्याचा पेला बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, तुझा थोडा वेळ हवा होता, जेवता जेवता चालेल. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, दुखावलेलाही नव्हता. अभ्यासाला बसलेल्या माणसाचा असतो तसा उत्सुक होता.

"मला माझी चूक नेमकी कुठे झाली ते समजून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "खरखरीचा माझा हिशेब मी पुन्हा करून बघितला. तो बरोबरच येतो. म्हणजे गृहीतकात काहीतरी चुकलं असणार. तू खोट्या तबकड्या लावल्या असशील ना? त्यांत काय आलं?"

केतकीला एखादं उत्तर रचता आलं असतं. तिच्याइतकी त्या विषयातली माहिती तिथे कुणालाच नव्हती. पण समोरची बाई सत्तरी ओलांडल्यावर आपली चूक शिकायला बसली होती, आणि जी चूक तिनं केलीच नव्हती ती तिला शिकवायची, हे केतकीच्यानं झालं नाही.

"मॅडम, तुमची चूक झाली नव्हती," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

टिळेकर बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. केतकीला वाटलं, आता या उठतील, ओरडतील, आणि तसं झालं तर बरं होईल.

"माझं सोड," त्या अखेर म्हणाल्या. "मला खोटी म्हणवून घ्यायची सवय आहे. पण मी आज इथे आले ती विद्याधरच्या शब्दावर नाही, तुझ्या शब्दावर. आता उद्या इस्पितळात माझ्या चित्राखाली तुझा आकडा आला तर मी त्याचं काय करू?"

तेवढ्यात सर जिलब्यांचं ताट घेऊन आलेच. शाल अजून खांद्यावर होती. शुभदा, एक माझ्या हातची खायचीच, असं म्हणत त्यांनी जिलबी उचलली, आणि दोघींचे चेहरे बघून त्यांचा हात तसाच राहिला. जिलबी त्यांनी परत ताटात ठेवली.

"आकडा किती होता?" त्यांनी केतकीला विचारलं.

"नव्वद, सर. हाताचा."

सर खुर्ची ओढून बसले. चेहरा उतरला, पण त्यावर आश्चर्य नव्हतं. केतकीच्या ते लक्षात आलं.

"त्या दिवशी तू आकडा सांगितला नाहीस," सर म्हणाले. "तुझं एक वाक्य आकड्याशिवाय पुरं होत नाही. मी विचारणार होतो. तोंड उघडलं होतं. मग वाटलं, राहू दे, ऐकायला किती बरं वाटतंय. आणि त्यावर मी शुभदाला फोन लावला, तिनं यावं आणि चारचौघांत माझं खरं म्हणावं म्हणून." ते टिळेकर बाईंकडे बघायला गेले, पण त्यांना बघवलं नाही. "केतकी माझ्यासाठी खोटं बोलली असेल. मी कुणासाठी गप्प बसलो?"

फक्त तुमच्यासाठी नाही, सर, असं केतकी म्हणाली आणि तिनं संचालकपदाचं सांगून टाकलं. ते सांगताना ती ताटाकडे बघत होती. सरांनी मान हलवली.

मग सर उठले. शालीची घडी करून ती त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि ते सभागृहात गेले. केतकी त्यांच्यामागे गेली. मंडपवाला माइकची तार गुंडाळत होता, त्याला सरांनी थांबवलं. कार्यक्रम अजून संपलेला नाही म्हणाले. जेवून हात धुवत असलेली मंडळी, काहीतरी विशेष आहे असं वाटून, हसत हसत परत येऊन बसली.

सर बोलायला पुढे झाले, तेव्हा केतकीनं माइक त्यांच्या हातातून घेतला. आधी मी, असं ती म्हणाली. आकडा तिनं सगळ्यात आधी सांगितला. मग आपण सरांना काय सांगितलं, का सांगितलं, आणि त्यामुळे एका माणसाला नसलेल्या चुकीची माफी कशी मागावी लागली, ते सांगितलं. मानपत्र वाचलं तेव्हाही मला हे ठाऊक होतं, हेही म्हणाली. आता चाळणीवर कुणी किती विश्वास ठेवावा ते तुम्ही ठरवा, माझ्यावर ठेवू नका. तिच्याकडे विश्वासानं चित्र घेऊन आलेला तो तरुण सहकारी आता पायाशी बघत होता.

सर तिच्या शेजारी उभे राहिले आणि आपण न विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलले. थोडंच बोलले. सभागृहात अशी अवघड शांतता पसरली की कुणाला खोकायचीही चोरी झाली. ती मोडावी म्हणून कार्यवाह पुढे आले आणि सरांच्या कानाशी लागले. चहा तयार आहे, मंडळींना उठायला सांगू का?

"चहा गार होऊ दे," सर माइकमध्ये म्हणाले. सगळ्यांनी ते ऐकलं.

टिळेकर बाई शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. सर त्यांच्याकडे बघत म्हणाले, "शुभदा, तुझा एक प्रश्न राहिला होता."

त्या उठल्या नाहीत. आपण हे करावं की नाही, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला. मग त्यांनी बसल्या जागेवरून, वर्गात बाकावर बसून करतात तसा, हात वर केला. सगळे मागे वळून बघत होते. या वेळी कुणी हसलं नाही.

"कुंपण गोल घातलं तर काय दिसतं?"

केतकीनं माइक पुन्हा जवळ घेतला. आज पहिल्यांदाच तिनं मान वर केली आणि त्या बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"तबकडी दिसते, मॅडम," ती म्हणाली. "नुसती तबकडी."